माँट्रिऑलचा 'कॅनेडियन्स' संघ : त्याच्या वाटेवरील मैलाचे दगड

कोणत्याही संस्थेचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे बहुधा तिच्या विजयांची यादी दिली जाते. अमुक सालीं अमुक चषक मिळविला, तमुक सालीं तमुक प्रतिपक्ष्यास हरविलें, अशा नोंदी एकाखालीं एक मांडल्या कीं इतिहास लिहून झाला असें पुष्कळांस वाटतें. परंतु वाटसरूस मैलाचा दगड उपयोगी पडतो तो त्याच्या शोभेमुळें नव्हे; आपण कोठून निघालों, किती चाललों आणि पुढें किती चालावयाचें आहे हें तो सांगतो म्हणून. जेथें रस्ता वळला, जेथें वाटसरू थकून खालीं बसला व पुन्हा उठला, तीं ठिकाणें खरोखर लक्षांत ठेवण्यासारखीं असतात. ह्याच दृष्टीनें आम्ही आज आमच्या वाचकांपुढें कॅनडा देशांतील एका धंदेवाईक हॉकी-संघाचा इतिहास ठेवीत आहों. तो संघ म्हणजे माँट्रिऑल शहराचा 'कॅनेडियन्स' संघ होय. त्यानें १९१६ पासून १९९३ पर्यंत चोवीस वेळां स्टॅन्ले चषक जिंकला. इतक्या वेळां तो दुसऱ्या कोणत्याही संघास मिळालेला नाहीं. पण ह्या चोवीस विजयांइतकाच त्यांच्या मधला पडता काळही आम्हांस बोधप्रद वाटतो. खेळणारी माणसें येतात आणि जातात. मग संघ टिकतो तो कशाच्या बळावर? हा प्रश्न मनांत धरून वाचकांनीं पुढील वृत्तांत वाचावा.

प्रथम ह्या खेळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांस जी हॉकी ठाऊक आहे ती मैदानावर अकरा-अकरा गड्यांनीं खेळावयाची. ध्यानचंदांच्या पराक्रमामुळें तिचें नांव आपल्या देशांत घरोघर पोंचलें. कॅनडांतील हॉकी निराळी. त्या देशीं हिवाळा इतका कडक कीं, नद्या व तळीं गोठून दगडासारखीं होतात. अशा बर्फावर, तळव्यास पोलादी पातें बसविलेले बूट घालून हा खेळ खेळतात. चेंडूच्या जागीं तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची टणक रबराची चकती असते. टोकाशीं वळलेल्या लांब काठीनें ती प्रतिपक्ष्याच्या जाळ्यांत घालावयाची. एका वेळीं एका बाजूचे सहा गडी बर्फावर उतरतात. त्यांपैकीं एक गोलरक्षक असतो. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग आणि दमछाक इतकी असते कीं, खेळ चालू असतांनाच गडी बदलण्याची मुभा ठेवावी लागते. नियम मोडणाऱ्या गड्यास कांहीं मिनिटें बाहेर बसवितात आणि तेवढा वेळ त्याच्या संघास एका गड्यानें उणें खेळावें लागतें. आपल्या देशांत लडाखमध्यें गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळला जातो, हें येथें सांगितलें असतां अप्रस्तुत होणार नाहीं.

माँट्रिऑल शहर सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रांतील एका बेटावर वसलेलें आहे. ता. ३ मार्च १८७५ रोजीं तेथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक ह्या इमारतींत बर्फावरील हॉकीचा एक सामना झाला. छपराखालीं, ठरविलेल्या नियमांनीं खेळलेला हा पहिला सामना म्हणून गणला जातो. पुढें १८९२ सालीं कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले ह्यांनीं उत्तम संघास देण्याकरितां एक चांदीचें पात्र दिलें. तोच आजचा स्टॅन्ले चषक. परंतु ह्या शहरांत दोन भाषा बोलणारे दोन समाज होते. १७६० सालीं हें शहर फ्रेंचांच्या हातून इंग्रजांच्या हातीं गेलें होतें. शेतकरी, कामकरी व कारागीर हे बहुतेक फ्रेंच बोलणारे; मोठ्या पेढ्या, कारखाने व व्यापार हे मात्र बहुतांशीं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातीं. हॉकीचे नामांकित संघही इंग्रजी बोलणाऱ्यांचेच. फ्रेंच घरांतील मुलगा प्रेक्षकांच्या बांकावर बसून सामना पाही. पण 'हा आमचा' असें म्हणण्यासारखा मोठा संघ त्यास नव्हता.

ही उणीव भरून काढली ती कोणा फ्रेंच देशभक्तानें नव्हे, तर ऑन्टॅरिओ प्रांतांतील रेनफ्रू गांवच्या अँब्रोज ओब्रायन नांवाच्या एका इंग्रजी बोलणाऱ्या खाणमालकानें, ही मोठी नवलाची गोष्ट होय. १९०९ च्या डिसेंबरांत जुन्या मंडळाशीं तेढ पडल्यामुळें ओब्रायन व इतर कांहीं मंडळींनीं एक नवें हॉकी-मंडळ काढलें. माँट्रिऑलमध्यें आधींच इंग्रजी समाजाचा वाँडरर्स नांवाचा संघ होता. त्याच्याशीं सामना देण्यास फ्रेंच गड्यांचा एक संघ उभा केला तर प्रेक्षक गर्दी करतील, असा हा व्यापारी हिशेब होता. त्याप्रमाणें ता. ४ डिसेंबर १९०९ रोजीं कॅनेडियन्स संघ स्थापन झाला. फ्रेंच समाजांतील योग्य मालक मिळतांच संघ त्याच्या स्वाधीन करावा, असेंही तेव्हांच ठरलें होतें. गडी जमविण्याचें काम जॅक लाव्हियोलेट ह्याजकडे दिलें. त्यानें डिडिये पित्र, 'न्यूझी' लालाँद असे चपळ खेळाडू गोळा केले आणि अवघ्या एका महिन्यांत, ता. ५ जानेवारी १९१० रोजीं, संघ पहिल्या सामन्यास उतरला. कोबाल्ट गांवच्या संघावर त्यानें जादा वेळांत सातास सहा गोलांनीं मात केली. संघाचा पहिला गोल लालाँदनें केला.

आरंभ असा आनंदाचा झाला खरा. पण त्या पहिल्या हंगामाचा शेवट तसा झाला नाहीं. थोड्याच दिवसांत मंडळाची नवी मांडणी होऊन सामने पुन्हा पहिल्यापासून मोजण्यांत आले, आणि त्या बारा सामन्यांपैकीं कॅनेडियन्सनें केवळ दोन जिंकले, दहा गमावले. सर्व संघांत त्याचा क्रमांक शेवटचा लागला. पुढें ज्याचें नांव जगांत गाजावयाचें होतें त्याची पहिली पायरी ही अशी होती! त्याच वर्षीं संघ जॉर्ज केनेडी ह्या गृहस्थाच्या मालकीचा झाला. १९१७ पासून संघाच्या तांबड्या सदऱ्यावर 'सी' ह्या मोठ्या अक्षराच्या पोटांत 'एच' हें अक्षर दिसूं लागलें. कित्येकांची समजूत अशी कीं, हें 'एच' म्हणजे 'आबितां', अर्थात् जुन्या फ्रेंच कॅनडांतील शेतकरी. वस्तुतः तें 'हॉकी' ह्या शब्दाचें आद्याक्षर आहे. परंतु लोकांनीं त्यांत आपला नांगरधारी पूर्वज पाहिला, आणि त्यावरूनच संघास 'हॅब्स' हें लाडकें नांव पडलें. ज्यास लोक आपलें मानतात त्यांत त्यांस आपलेंच रूप दिसतें, हेंच खरें.

१९१० च्या अखेरीस शिकूटिमी नांवाच्या दूरच्या गांवाहून जॉर्ज व्हेझिना नांवाचा एक तरुण गोलरक्षक संघांत आला. तो अबोल व शांत होता. कितीही गर्दी झाली तरी त्याचें चित्त ढळत नसे. म्हणून लोक त्याला कौतुकानें 'शिकूटिमीची काकडी' म्हणत. कारण त्या देशीं थंड डोक्याच्या मनुष्यास काकडीची उपमा देतात. त्या काळीं गोलरक्षकानें चकती अडविण्यासाठीं मुद्दाम बर्फावर पडणें नियमाविरुद्ध होतें. हा नियम १९१८ मध्यें सुटला. तोंवर तासभर उभ्यानें जाळें राखावें लागे. अशा स्थितींत ता. ३१ डिसेंबर १९१० पासून पंधरा वर्षें व्हेझिनानें संघाचा एकही सामना चुकविला नाहीं. ता. २८ नोव्हेंबर १९२५ रोजीं तो अंगांत सणसणीत ताप असतांना उतरला. पहिल्या डावांत त्यानें एकही गोल होऊं दिला नाहीं. पण दुसऱ्या डावाच्या आरंभीं तो कोसळला. त्याला क्षयानें ग्रासलें होतें. ता. २७ मार्च १९२६ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. संघाच्या मालकांनीं त्याच्या नांवें उत्तम गोलरक्षकास द्यावयाचा एक चषक ठेविला. पहिलीं तीन वर्षें तो चषक कोणीं जिंकला? व्हेझिनाच्या रिकाम्या जागीं उभा राहिलेला त्याचाच उत्तराधिकारी, जॉर्ज हेन्सवर्थ, ह्यानें. तिसऱ्या वर्षीं तर चव्वेचाळीस सामन्यांपैकीं बावीस सामन्यांत त्यानें प्रतिपक्ष्यास एकही गोल करूं दिला नाहीं. गेलेल्या माणसाचें खरें श्राद्ध त्याची जागा नेटानें सांभाळण्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

येथें थोडें मागें गेलें पाहिजे. ता. ३० मार्च १९१६ रोजीं पोर्टलंडच्या संघास पांच सामन्यांच्या मालिकेंत तीनास दोन असें हरवून कॅनेडियन्सनें पहिल्यानें स्टॅन्ले चषक जिंकला. ह्या विजयाबद्दल प्रत्येक गड्याच्या वांट्यास २३८ डॉलर आले. पुढच्या वर्षीं, ता. २६ नोव्हेंबर १९१७ रोजीं, माँट्रिऑल येथील विंडसर हॉटेलांत नॅशनल हॉकी लीगची स्थापना झाली. ह्या मंडळाच्या स्थापनेपासून त्यांत अखंड चालत आलेला जुन्या मंडळांतील संघ कॅनेडियन्स होय. त्याचा प्रतिस्पर्धी वाँडरर्स मात्र लवकरच नाहींसा झाला. ता. २ जानेवारी १९१८ रोजीं दोन्ही संघ जेथें खेळत ती इमारत जळून खाक झाली. वाँडरर्सनें हात टेकले. कॅनेडियन्स आपलें सामान घेऊन जुन्या, लहान ज्युबिली रिंकमध्यें गेला. १९१९ सालीं तीही जळाली. तेव्हां त्यानें तिसरें घर पाहिलें.

परंतु १९१९ सालची मोठी आपत्ति ही नव्हे. महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची जी सांथ जगभर पसरली, जिनें आपल्या देशांतही घरेंच्या घरें ओस पाडलीं, ती अद्याप ओसरली नव्हती. त्या वसंतांत कॅनेडियन्स अंतिम सामन्यांसाठीं पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरीं गेला. पांच सामने झाले. दोन सिॲटलनें जिंकले, दोन माँट्रिऑलनें, आणि एक बरोबरींत सुटला. ता. १ एप्रिल रोजीं निर्णायक सामना व्हावयाचा होता. पण माँट्रिऑलचे बहुतेक गडी तापानें अंथरुणास खिळले. खेळावयास पुरेसे गडीच उरले नाहींत. केनेडीनें सामना सोडून देण्याची तयारी दाखविली. नियमाप्रमाणें चषक सिॲटलला मिळाला असता. परंतु सिॲटलचा व्यवस्थापक पीट मल्डून ह्यानें आजारी प्रतिपक्ष्याकडून अशा रीतीनें चषक घेण्याचें साफ नाकारलें. ता. ५ एप्रिल रोजीं संघाचा बचावपटु जो हॉल सिॲटल येथेंच मरण पावला. केनेडीही ह्या दुखण्यांतून पुरता सांवरला नाहीं. १९२१ मध्यें तोही गेला. स्टॅन्ले चषकावर त्या वर्षीं कोणाही विजेत्याचें नांव नाहीं. दोन्ही संघांचीं नांवें आणि 'मालिका अपुरी राहिली' अशा अर्थाची नोंद पुढें कोरली गेली. विजयांच्या ओळींमध्यें ती एक ओळ आम्हांस विशेष आदरणीय वाटते. कारण तींत कोणी जिंकला नाहीं आणि कोणी लहानही झाला नाहीं.

केनेडीच्या मागें संघ तीन भागीदारांनीं अकरा हजार डॉलरांस विकत घेतला. १९२३ मध्यें त्यांनीं हॉवी मोरेंझ नांवाचा एक तरुण आणिला. हा ऑन्टॅरिओचा, इंग्रजी बोलणारा, जर्मन वंशाचा मुलगा. पण त्याच्या पायांत असा वेग होता कीं, माँट्रिऑलच्या फ्रेंच जनतेनें त्याला आपल्या पोटच्या मुलासारखें डोक्यावर घेतलें. एका समाजाचा अभिमान म्हणून उभा राहिलेल्या संघानें परक्या घरच्या गुणी मुलास असें आपलें म्हटलें, हें त्या संघाच्या मोठेपणाचें पहिलें लक्षण होय. १९२४, १९३० व १९३१ सालीं चषक माँट्रिऑलला आला. दरम्यान ता. २९ नोव्हेंबर १९२४ रोजीं फोरम नांवाची भव्य क्रीडाशाळा उघडली. ती वास्तविक शहरांतील इंग्रजी समाजाच्या मरून्स नांवाच्या नव्या संघासाठीं बांधली होती. कॅनेडियन्स तेथें १९२६ पासून कायमचा राहावयास आला.

ता. २८ जानेवारी १९३७ रोजीं फोरममध्यें खेळतांना मोरेंझच्या बुटाचें पातें कडेच्या फळींत अडकलें, वर दुसऱ्या गड्याचा भार पडला आणि त्याचा पाय मोडला. तो पुन्हा खेळला नाहीं. ता. ८ मार्च रोजीं रुग्णालयांतच त्याचा अंत झाला. त्याचें शव फोरमच्या मध्यभागीं ठेविलें होतें, आणि हजारों लोक मुकाट्यानें त्याच्यापुढून गेले. त्याच्या पाठीवरचा सात हा आंकडा संघानें पुन्हा कोणास दिला नाहीं.

ह्या काळीं संघाचीच प्रकृति क्षीण झाली होती. जागतिक मंदीमुळें प्रेक्षक घटले. १९३५ मध्यें संघ अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरास विकण्याचें घाटत होतें. शेवटीं शहरांतील एका कंपनीनें तो घेतला म्हणून तो घरीं राहिला. एका शहरास दोन संघ पोसवेनात. १९३८ मध्यें मरून्स बंद पडला. फोरम ज्याच्यासाठीं बांधला तो गेला आणि पाहुणा म्हणून आलेला घरधनी झाला. पण हें घरधनीपणही कसलें? १९३९-४० च्या हंगामांत अठ्ठेचाळीस सामन्यांपैकीं दहाच जिंकले, तेहतीस गमावले, पांच बरोबरींत सुटले. बांकें रिकामीं दिसूं लागलीं. १९४० मध्यें डिक आयर्विन हा शिक्षक म्हणून आला व त्यानें शिस्तीपासून आरंभ केला. १९४२ मध्यें एक एकवीस वर्षांचा, माँट्रिऑलमध्येंच वाढलेला फ्रेंच कामगाराचा मुलगा संघांत आला. त्याचीं हाडें लागोपाठ इतक्या वेळां मोडलीं होतीं कीं, हा गडी टिकेल असें फारसें कोणास वाटत नव्हतें. त्याचें नांव मॉरिस रिशार.

१९४४-४५ च्या हंगामांत रिशारनें पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले. असें त्यापूर्वीं कोणींही केलें नव्हतें. लोक त्याला 'रॉकेट', म्हणजे अग्निबाण, म्हणूं लागले. १९४४ व १९४६ मध्यें चषक परत आला. जाळ्याकडे झेपावतांना त्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटलेले दिसत असें पाहणारे सांगत. कारखान्यांत इंग्रजी बोलणाऱ्या मुकादमाच्या हुकुमाखालीं राबणाऱ्या फ्रेंच मजुरास वाटे, हा आपल्या वतीनें खेळत आहे. रिशार फारसा बोलत नसे. पण त्याच्या प्रत्येक गोलांत एका दबलेल्या समाजास आपला आवाज ऐकूं येई. मात्र ज्या अग्नीनें दिवा लागतो त्याच अग्नीनें घरही जळतें, ह्याचा प्रत्यय लवकरच यावयाचा होता.

ता. १३ मार्च १९५५ रोजीं बॉस्टन येथील सामन्यांत एका गड्याच्या काठीनें रिशारच्या डोक्यास जखम झाली. त्यानें रागाच्या भरांत त्या गड्यास काठीनें मारलें आणि त्यास आवरूं पाहणाऱ्या पंचासही ठोसे दिले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल ह्यांनीं ता. १६ रोजीं त्याला उरलेल्या सर्व हंगामापुरतें खेळण्यास मनाई केली. पंचावर हात उचलणें हा अपराध मोठा होता हें निर्विवाद. पण शिक्षा देणारा इंग्रजी बोलणारा व शिक्षा भोगणारा फ्रेंच, एवढेंच लोकांच्या डोळ्यांत भरलें. ता. १७ रोजीं कॅम्बेल फोरममध्यें सामना पाहावयास आले. त्यांच्यावर अंडीं व टोमॅटो फेकण्यांत आले. मग अश्रुधुराचा एक गोळा फुटला. सामना थांबवून विजय प्रतिपक्ष्यास देण्यांत आला, आणि बाहेर पडलेल्या जमावानें सेंट कॅथरिन रस्त्यावरील दुकानांच्या कांचा फोडल्या. दुसऱ्या दिवशीं रिशारनें स्वतः लोकांस आवाहन केलें. मी शिक्षा भोगीन व पुढील वर्षीं येऊन संघास चषक मिळवून देण्यास साह्य करीन. तुम्हीं आतां शांत व्हावें, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. दंगल तेथेंच थांबली.

ह्या प्रसंगाचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही सावकाश करावा. त्या रात्रीच्या क्षोभामागें खऱ्या अन्यायाची दीर्घ आठवण होती, आणि क्वेबेकच्या पुढील राजकीय जागृतीची ती चाहूल होती असें कित्येक मानतात. परंतु अन्यायाची जाणीव खरी असली म्हणून दुकानाची कांच फोडणें न्याय्य ठरत नाहीं. त्याच वर्षीं बर्नी जेफ्रियाँ नांवाच्या संघांतीलच फ्रेंच गड्यानें गुणांच्या यादींत रिशारला एका गुणानें मागें टाकलें, तर आपल्याच प्रेक्षकांनीं त्याची छी-थू केली! वीरपूजा मर्यादा सोडूं लागली कीं ती आपल्याच घरच्या गुणी माणसास पाण्यांत पाहूं लागते. त्या वर्षीं अंतिम मालिकेंत संघ सातव्या सामन्यांत हरला.

पुढचें वर्ष उजाडलें. टो ब्लेक हा संघाचा जुना गडी आतां शिक्षक झाला होता. रिशारनें दिलेला शब्द खरा झाला. १९५६ पासून १९६० पर्यंत ओळीनें पांच वर्षें स्टॅन्ले चषक माँट्रिऑलमध्येंच राहिला. हा पराक्रम अन्य कोणत्याही संघास साधलेला नाहीं. त्यांच्या खेळापुढें नियमही वांकला. पूर्वीं शिक्षा झालेल्या गड्यास पुरीं दोन मिनिटें बाहेर बसावें लागे, मग तेवढ्या वेळांत कितीही गोल होवोत. ता. ५ नोव्हेंबर १९५५ रोजीं कॅनेडियन्सच्या झाँ बेलिव्होनें अशा संधींत चव्वेचाळीस सेकंदांत तीन गोल केले! तेव्हां १९५६ पासून नियम झाला कीं, एक गोल होतांच बाहेरच्या गड्यानें परत यावें.

ह्याच काळांतील आणखी एक मैलाचा दगड ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्या वेळीं गोलरक्षक उघड्या तोंडानें उभे राहत. मुखवटा घालणें भ्याडपणाचें लक्षण समजत; शिवाय त्यानें दृष्टीस अडथळा होतो असें शिक्षकांचें मत होतें. संघाचा गोलरक्षक झाक प्लाँत सरावांत मुखवटा घाली, पण सामन्यांत ब्लेक त्यास संमति देत नसे. ता. १ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्क येथें चकती प्लाँतच्या तोंडावर आदळून नाक फाटलें. जखमेस टांके घातल्यावर त्यानें सांगितलें कीं, मुखवट्यावांचून मी परत जाणार नाहीं. दुसरा गोलरक्षक बरोबर आणण्याची तेव्हां पद्धत नव्हती. ब्लेकचा निरुपाय झाला. प्लाँत मुखवटा घालून उतरला आणि संघ तीनास एक गोलांनीं जिंकला. हळूहळू सर्वांनींच त्याचें अनुकरण केलें. लोकांच्या हंसण्याला न भिणें हें देखील धैर्यच. आणि कित्येकदां तें चकतीला न भिण्याहून कठिण असतें.

१९६० मध्यें मॉरिस रिशार ५४४ गोलांचा सांठा मागें ठेवून निवृत्त झाला. पण वारसा चालूंच राहिला. त्याचा धाकटा भाऊ आंरी ह्यानें गडी म्हणून अकरा वेळां चषक जिंकला. हा विक्रम कोणीं मोडलेला नाहीं. १९६१ पासून दहा वर्षें झाँ बेलिव्हो नायक होता. उंचापुरा, सौम्य, सभ्य असा हा गृहस्थ गडी म्हणून दहा वेळां विजयी झाला. १९७१ मध्यें, बेलिव्होच्या शेवटच्या वर्षीं, केन ड्रायडन नांवाचा नवा गोलरक्षक हंगामाचे अवघे सहा सामने खेळून अंतिम फेऱ्यांस उतरला आणि त्यानें चषक मिळवून दिला. हा तरुण त्या वेळीं माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करीत होता. १९७३ मध्यें पदवी मिळाल्यावर त्यानें खेळ एक वर्ष बाजूस ठेवून वकिलाच्या कचेरींत उमेदवारी केली व मग तो परत आला. खेळानें अभ्यास बुडतो अशी ज्या पालकांची तक्रार असते, आणि अभ्यासामुळें खेळतां येत नाहीं अशी ज्या मुलांची सबब असते, त्या दोघांनींही ड्रायडनचें चरित्र वाचण्यासारखें आहे. स्कॉटी बोमन ह्याच्या शिक्षणाखालीं, गी लाफ्लर वगैरे गड्यांच्या साह्यानें, १९७६ पासून १९७९ पर्यंत पुन्हा ओळीनें चार चषक आले. १९७६-७७ च्या हंगामांत तर ऐंशी सामन्यांपैकीं साठ जिंकले, बारा बरोबरींत सुटले आणि आठच गमावले.

त्यानंतर १९८६ मध्यें एकदां, आणि ता. ९ जून १९९३ रोजीं एकदां, संघानें चषक उंचावला. ह्या शेवटच्या वर्षीं बरोबरींत अडकलेले दहा सामने त्यानें लागोपाठ जादा वेळांत जिंकले. गोलरक्षक पात्रिक र्वा ह्याच्या शांत चित्ताचें तें फळ होतें. शिकूटिमीच्या व्हेझिनाची आठवण येथें कोणास होणार नाहीं?

ता. ११ मार्च १९९६ रोजीं फोरममधील अखेरचा सामना झाला. सामन्यानंतर जुने नायक एकामागून एक बर्फावर आले. त्यांतील सर्वांत वृद्ध एमिल बुशार ह्यानें पेटती मशाल आणली, ती रिशारच्या हातीं दिली, त्यानें बेलिव्होच्या; अशी हातोहातीं ती त्या वेळच्या नायकापर्यंत पोंचली. रिशारचें नांव पुकारतांच लोक उठून उभे राहिले आणि कित्येक मिनिटें टाळ्यांचा गजर थांबेना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या करारी पुरुषाचे डोळे भरून आले. ता. २७ मे २००० रोजीं तो वारला तेव्हां क्वेबेक सरकारनें त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामानें काढली, आणि लाखाहून अधिक लोकांनीं त्याचें अंत्यदर्शन घेतलें. राज्यकर्त्यास मिळावयाचा मान कामगाराच्या मुलास मिळाला.

१९९३ नंतर २०२५ पर्यंत चषक माँट्रिऑलला परत आला नाहीं. ह्या अवधींत मुलें जन्मलीं, शिकलीं, स्वतः आईबाप झालीं. त्यांनीं आपल्या संघाचा विजय डोळ्यांनीं पाहिला नाहीं. तरी संघाची शताब्दी २००९ मध्यें थाटानें साजरी झाली. २०२१ सालीं दुसरी एक जागतिक सांथ चालू असतां, प्रेक्षकांची संख्या मर्यादित असतां, संघ अठ्ठावीस वर्षांनीं अंतिम फेरींत गेला. तो प्रवेश त्यानें ता. २४ जून रोजीं, क्वेबेकच्या सणाच्या दिवशीं, मिळविला. अंतिम मालिका टँपा बेच्या संघानें चारास एक अशी जिंकली. १९१९ प्रमाणेंच सांथ, १९५५ प्रमाणेंच पराभव. आणि संघ मात्र उभाच.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे आतां वळूं. संघ कशाच्या बळावर टिकला? पैशाच्या म्हणावें, तर वाँडरर्स व मरून्स ह्यांस श्रीमंत समाजाचा आधार होता. ते दोन्ही गेले. एखाद्या अलौकिक गड्याच्या म्हणावें, तर व्हेझिना व मोरेंझ हे भर उमेदींत गेले आणि संघ राहिला. आमच्या मतें तो टिकला दोन गोष्टींमुळें. एक अशी कीं, एका मोठ्या समाजानें त्यास मनापासून आपला मानिला, पडत्या काळींही मानिला. दुसरी अशी कीं, प्रत्येक गड्यानें पाठीवरचा आंकडा स्वतःच्या मालकीचा न समजतां ठेव म्हणून घेतला आणि अधिक उजळून पुढच्याच्या हातीं दिला.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेचा हॉकीचा, क्रिकेटचा किंवा आट्यापाट्यांचा संघ लहान आहे. त्याचें नांव वर्तमानपत्रांत येत नाहीं. पण त्याचा सदरा तुमच्याआधीं कोणीतरी घातला होता, आणि तुम्हीं शाळा सोडल्यावर कोणीतरी घालणार आहे. पहिल्या वर्षीं बारांपैकीं दहा सामने हरलों म्हणून तो सदरा फेंकून देऊं नका. आणि एखादे वर्षीं जिंकलों म्हणून पंचास व प्रतिपक्ष्यास तुच्छ लेखूं नका. आजारी प्रतिपक्ष्याकडून चषक घेण्यास नकार देणारा पीट मल्डून कोणत्याच विजेत्यांच्या यादींत त्या सालीं नाहीं. तरी शंभराहून अधिक वर्षांनीं, इतक्या दूर देशीं, आम्ही त्याचें नांव आदरानें घेत आहों.